त्रेचाळीस टक्क्यांचे उपकार कोणावर?

२०१८ च्या सुमारास रेल्वेच्या तिकिटांवर एक प्रश्न छापला जात होता: तुमच्या भाड्याचा ४३ टक्के भार देशातील सामान्य नागरिक सोसतात, हे आपणांस ठाऊक आहे काय? राज्यकर्त्यांना उलट विचारले पाहिजे की, गाडीत बसलेला माणूस मग या देशाचा कोण लागतो? साबणाच्या वडीवर आणि चपलेच्या जोडावर कर भरणारा, अनारक्षित डब्याच्या दारात लोंबकळणारा शेतमजूर हाच तो सामान्य नागरिक आहे. त्याचाच पैसा त्याला दान म्हणून दाखविण्याचा हा निलाजरा उद्योग होय.

मुळात हा हिशेबच तपासून घेण्याजोगा आहे. रूळ, पूल, सिग्नल मालगाडीला आणि प्रवासी गाडीला सामाईक असतात. त्यांचा खर्च कोणाच्या नावे किती टाकायचा हे चोपडी लिहिणारा ठरवितो. कोळशाच्या वाहतुकीतून मिळालेले पैसे प्रवासी खात्यातील तूट भरून काढतात, हे खरे. परंतु सार्वजनिक उद्योगाच्या उजव्या हाताने डाव्याला आधार दिला, तर त्यात रडण्यासारखे काय आहे? ब्रिटिश अमदानीत खाजगी रेल्वे कंपन्यांना पाच टक्के परताव्याची हमी हिंदी रयतेच्या महसुलातून दिली गेली, तेव्हा कोणत्याही तिकिटावर तसे छापले नव्हते!

आणि स्वस्त भाड्याचा लाभ एकट्या प्रवाशाला होतो काय? भाताच्या लावणीसाठी बिहारचा मजूर पंजाबात जातो, ओरिसातील गंजामचा तरुण सुरतेच्या यंत्रमागावर उभा राहतो. त्याचे भाडे वाढले तर एक तर त्याची मजुरी वाढवावी लागेल, नाही तर त्याच्या पोराच्या ताटातली भाकरी कमी होईल. स्वस्त रेल्वेने मालकाच्या दारात श्रमशक्ती आणून सोडली जाते. तेव्हा तुटीचे बिल पाठवायचेच असेल, तर ते नफ्यावरील कराच्या रूपाने मालकांच्या पत्त्यावर पाठवा.

घडले मात्र उलटेच. मार्च २०२० मध्ये महामारीचे निमित्त करून ज्येष्ठ नागरिकांची सवलत काढून घेतली. गाड्या पूर्ववत झाल्या, सवलत झाली नाही. साध्या पॅसेंजर गाडीला ‘स्पेशल’चे नाव देऊन दहा रुपयांचे किमान भाडे तीस केले, ते लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये खाली आले. तुटीचे अर्थशास्त्र मतपेटी दिसताच विसरता येते, असे दिसते.

१४ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनची पायाभरणी झाली. अंदाजित खर्च १ लाख ८ हजार कोटी. त्यानंतर अवघ्या पंधरा दिवसांनी एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगरून २३ माणसे मेली. ५०८ किलोमीटरच्या एका मार्गासाठी कर्ज उभे राहू शकते, तर प्रत्येक लांब पल्ल्याच्या गाडीला जादा अनारक्षित डबे, गर्दीच्या स्थानकांना रुंद पूल आणि वृद्धांना त्यांची सवलत देण्यासाठीही सरकारी तिजोरी उघडलीच पाहिजे.