सुईची परीक्षा आणि व्यवस्थेची पळवाट

दंडाला बांधलेला पट्टा किती वेळ आवळून ठेवावा? एका मिनिटाहून अधिक नको. कोणती नळी आधी भरावी आणि कोणती मागाहून? रक्तसंवर्धनाच्या बाटल्या प्रथम, मग निळ्या टोपणाची नळी, मग लाल किंवा पिवळ्या, मग हिरव्या, मग जांभळ्या आणि अखेरीस करड्या टोपणाची. जांभळ्या टोपणाची नळी भरल्यावर हलक्या हाताने किती वेळा उलटीसुलटी करावी? आठ ते दहा वेळा. पेठ किंवा सुरगाणा तालुक्यातून नाशिकला आलेली, खोलीचे भाडे आणि खाणावळीचे पैसे कसेबसे भागवीत ‘फ्लेबोटॉमी’च्या, म्हणजे शिरेतून रक्तनमुना घेण्याच्या कामाच्या, प्रमाणपत्र-परीक्षेची तयारी करणारी एखादी मुलगी ही उत्तरे घोकीत असते. उत्तरे बरोबर आहेत आणि ती तिला आलीच पाहिजेत. प्रश्न इतकाच आहे की, ज्या व्यवस्थेने तिला परीक्षेला बसविले, त्या व्यवस्थेची परीक्षा कोणी घ्यावयाची?

हे काम क्षुल्लक आहे, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. सुई टोचली, रक्त आले, काम संपले! वस्तुस्थिती अगदी निराळी आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए नावाचा पोटॅशियमयुक्त क्षार घातलेला असतो. त्याचा अंश पुढच्या नळीत गेला तर अहवालात पोटॅशियम खोटेच वाढलेले आणि कॅल्शियम खोटेच घटलेले दिसते. पट्टा फार वेळ आवळून ठेवला तर रक्त दाट होऊन आकडे बदलतात. रक्त जोराने ओढले वा नळी हिसडली तर तांबड्या पेशी फुटतात आणि पुन्हा पोटॅशियमचा आकडा फसवा ठरतो. त्या आकड्यावर विसंबून डॉक्टर औषध देणार, आणि ते औषध रोग्याच्या हृदयावर परिणाम करणार! प्रयोगशाळेच्या कामातील बहुतेक चुका यंत्रात होत नाहीत. नमुना यंत्रापाशी पोहोचण्यापूर्वीच त्या होऊन चुकलेल्या असतात, हे आता वैद्यकशास्त्रात सर्वमान्य आहे. दुसरीकडे, बाधित रोग्याची सुई कर्मचाऱ्याच्याच बोटात घुसली तर लस न घेतलेल्यास हेपॅटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्क्यांपर्यंत, हेपॅटायटिस सीचा सुमारे २ ते ३ टक्के, तर एचआयव्हीचा सुमारे ०.३ टक्के असतो. दोन जिवांची जोखीम ज्या हाताच्या कौशल्यावर अवलंबून आहे, त्या हाताला हलके लेखणे हे अज्ञान तरी आहे किंवा सोयीस्कर ढोंग तरी.

या प्रश्नावर चळवळीतील काही कार्यकर्ते एक भूमिका मांडतात, तिचा समाचार आधी घेतला पाहिजे. प्रमाणपत्राची सक्ती म्हणजे गरिबांच्या पोटावर पाय. वर्षानुवर्षे हे काम करणाऱ्या, पण कागद हाती नसलेल्या माणसांना बाहेर घालविण्याची ती युक्ती. म्हणून परीक्षाच नको, असे ते म्हणतात. यामागची कळकळ खरी आहे, पण निष्कर्ष चुकीचा आहे. अशिक्षित हाताची सुई कोणाच्या दंडात शिरते? धनिकाच्या नव्हे. त्याला तज्ज्ञ मिळतो आणि नाही मिळाला तर तो दुसरी प्रयोगशाळा गाठतो. चुकलेली सुई भोगावी लागते ती ज्याला दुसरी निवड नाही त्याला. म्हणून परीक्षेला विरोध हा गरिबांचा कैवार नव्हे.

परीक्षा कशी असावी, हे पाहण्यासाठी भांडवलशाहीच्या माहेरघरी डोकावले तरी चालेल. १९९९ साली अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात एका रक्तसंकलन-कर्मचाऱ्याने वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याचे उघडकीस आले आणि एकच खळबळ उडाली. त्यानंतर त्या राज्याने प्रमाणपत्र सक्तीचे केले. २००३ पासून त्याचे नियम लागू झाले. पण त्या नियमांनी केवळ लेखी उत्तरांवर समाधान मानले नाही. नवख्या उमेदवारासाठी ४० तासांचे वर्ग, ४० तासांचे प्रत्यक्ष काम, शिरेतून ५० वेळा आणि बोटातून १० वेळा देखरेखीखाली घेतलेले नमुने, अशी अट घातली गेली. तेथील आरोग्यव्यवस्था आदर्श आहे असे कोणीही म्हणणार नाही. परंतु पुस्तकातील हात आणि माणसाचा हात यांत फरक आहे, एवढे तरी तिने मान्य केले.

आपल्याकडे काय घडले? संसदेने २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. वैद्यकीय प्रयोगशाळेतील व्यवसायही त्यात आले. या कायद्याप्रमाणे संलग्न आरोग्य-व्यावसायिक म्हणवून घेण्यासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २,००० तासांचे शिक्षण लागते. मोजमाप चांगले आहे. पण कायदा कागदावर राहिला; १२ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाला केंद्र आणि राज्ये यांना अंमलबजावणीसाठी दोन महिन्यांची मुदत घालून द्यावी लागली. दुसऱ्या बाजूला २०१२ साली उद्योगसंघटनांच्या पुढाकाराने स्थापन झालेली आरोग्यक्षेत्र कौशल्य परिषद आणि २०१५ पासूनची प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना यांच्या चौकटीत काही महिन्यांच्या शिक्षणावर फ्लेबोटॉमीचे प्रमाणपत्र मिळते. एक शासन, एकच दंड, एकच सुई. मापे मात्र दोन! पहिल्या मापाने ती मुलगी व्यावसायिक ठरत नाही, दुसऱ्या मापाने ती ‘कुशल’ ठरते. आणि ज्याला स्वस्तात माणूस हवा आहे, तो यांपैकी कोणते माप निवडणार, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही.

डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रयोगशाळेच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत विकृतिशास्त्रज्ञाचीच सही हवी, असा निर्वाळा दिला. निर्णय योग्यच होता. परंतु त्यामुळे जी विसंगती उघडी पडली तिच्याकडे कोणी पाहिले नाही. अहवालाच्या तळाशी कोणाची सही आहे हे विचारले जाते. त्या अहवालाच्या मुळाशी कोणाचा हात होता हे विचारले जात नाही. पाया कोणी घातला याची चौकशी न करता कळसाची तपासणी करणारे स्थापत्य टिकत नाही.

या साऱ्याला अर्थशास्त्राचा मुलामा देणारेही आहेत. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली ‘मानवी भांडवला’चा सिद्धान्त विस्ताराने मांडला. कोणत्याही मालकाकडे उपयोगी पडेल असे सर्वसाधारण कौशल्य असेल तर त्याचा खर्च मालक करणार नाही, तो शिकणाऱ्यानेच सोसावा लागेल, कारण लाभ त्याचाच आहे, असा त्याचा मथितार्थ. रक्त काढण्याचे कौशल्य कोठेही उपयोगी पडते. तेव्हा शुल्क मुलीने भरावे, उमेदवारीच्या काळात कमी मोबदलाही तिनेच पत्करावा, असे या तर्काने सिद्ध करता येते. पण या हिशेबात रोगी कोठे आहे? चुकीच्या नमुन्याची किंमत शिकणारी भरीत नाही, मालक भरीत नाही. ती रोगी भरतो. ज्या कौशल्याचा लाभ समाजाला आणि ज्याच्या अभावाची हानीही समाजाला, त्याचा खर्च समाजानेच उचलावयाचा असतो. ‘अनुभव हवा’ म्हणून नोकरी नाकारावयाची आणि अनुभव म्हणून फुकट राबवून घ्यावयाचे, याला मानवी भांडवलाची उभारणी म्हणत नाहीत. त्याला वेठबिगारी म्हणतात.

नाशिकपुरते बोलावयाचे तर दाखला घरातच आहे. सातपूर-अंबडच्या औद्योगिक वसाहतींत शिकाऊ उमेदवार म्हणून घेतलेल्या फिटरला वा टर्नरला १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनाचा हक्क दिला आहे. लोखंडावर हात बसविणाऱ्याला वेतन द्यावे, हे ६० वर्षांपूर्वीच मान्य झाले. मग माणसाच्या शिरेवर हात बसविणाऱ्या मुलीनेच शिकण्यासाठी पैसे का मोजावेत? आणि साधनांची वाण आहे असेही नाही. मुक्त विद्यापीठ १९८९ पासून येथे आहे. राज्याचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून येथेच आहे. जिल्हा रुग्णालय आहे, तालुक्यातालुक्यांत ग्रामीण रुग्णालये आहेत. दररोज शेकडो दंड जेथे पुढे केले जातात, तेथे रबरी हातावर सुई टोचून परीक्षेची तयारी करावी लागावी, ही दारिद्र्याची नव्हे, अनास्थेची खूण आहे.

गरज तर दिवसेंदिवस वाढत आहे. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. आदिवासी भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी हे त्याचे उद्दिष्ट ठरले. प्राथमिक चाचणी बोटातील थेंबावर होते, पण निदान पक्के करावयाचे तर पुढची तपासणी लागते आणि तिच्यासाठी पुष्कळदा शिरेतील रक्त घ्यावे लागते. अशक्त, रक्तक्षयी बालकाची शीर शोधणे हे अनुभवी हातांनाही जड जाते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार आणि तपासण्या निःशुल्क झाल्या, हे स्वागतार्हच आहे. पण निःशुल्क तपासणीचा अर्थ अधिक रक्तनमुने, आणि अधिक नमुन्यांचा अर्थ अधिक शिकलेले, टिकून राहणारे हात. ते हात कंत्राटावर घ्यावयाचे, मुदत संपली की सोडून द्यावयाचे आणि पुन्हा नवे अननुभवी हात आणावयाचे, याने शासनाचा पैसा वाचतो असे दिसते. वस्तुतः साठलेला अनुभव प्रत्येक वेळी मातीत जातो.

या कामाची आपल्या समाजातील प्रतिष्ठाही तपासली पाहिजे. पूर्वी तुंबडी लावून रक्त काढणारे कसबी गावोगाव असत. शरीराला, रक्ताला, मळाला हात लावणाऱ्या श्रमाला आपल्या वर्णव्यवस्थेने खालची पायरी दिली. नाडी दुरून पाहणारा तो वैद्य आणि रक्ताने हात माखणारा तो हलका. तीच वृत्ती आज पांढऱ्या भिंतींच्या प्रयोगशाळांत नव्या वेषात वावरते. सही करणाऱ्याला मान, सुई धरणाऱ्याला फेरीमागे चार पैसे. तुंबडी लावणारे गेले. प्रमाणपत्रांच्या बाजारात आपली तुंबडी भरणारे मात्र आले.

तेव्हा मागणी परीक्षा रद्द करण्याची नसून ती खरी करण्याची असली पाहिजे. सार्वजनिक रुग्णालयात देखरेखीखाली घेतलेल्या नमुन्यांची नोंदवही हा परीक्षेचा गाभा असावा आणि त्या काळात विद्यावेतन मिळावे. पहिली सुई हाती देण्यापूर्वी हेपॅटायटिस बीच्या लसीच्या तिन्ही मात्रा संस्थेच्या खर्चाने दिल्या जाव्यात. परीक्षा सार्वजनिक संस्थेने घ्यावी आणि ती मराठीतून देता यावी. रोग्याला धीर ज्या भाषेत द्यावयाचा, त्या भाषेत उत्तर देण्याची बंदी कशाला? ज्यांनी वर्षानुवर्षे हे काम केले त्यांची पारख प्रत्यक्ष कामावरून व्हावी आणि जे उणे असेल ते शिकविले जावे. त्यांना घरी बसवू नये. आणि उत्तीर्ण होणाऱ्यांसाठी कायम पदे निर्माण व्हावीत. एरवी परीक्षा म्हणजे बेकारांच्या रांगेत उभे राहण्याचा परवाना ठरेल. नाशिकमधील कार्यकर्त्यांनी ही मागणी जिल्हा परिषदेपासून विद्यापीठापर्यंत नेली पाहिजे. आणि प्रयोगशाळांतील कामगारांना संघटित करताना ‘कागद नको’ ही घोषणा सोडून ‘शिक्षण हवे, वेतन हवे’ ही घोषणा उचलली पाहिजे.

दंडावरचा पट्टा एका मिनिटात सोडावा, हे परीक्षेला बसणाऱ्या त्या मुलीला पाठ आहे. अधिक वेळ आवळून ठेवला तर रक्ताचा खरा हिशेब लागत नाही. कंत्राटाचा पट्टा श्रमिकांच्या दंडावर वर्षानुवर्षे आवळून ठेवणाऱ्या शासनाला हा साधा धडा अजून यावयाचा आहे. नापास कोण झाले, हे मग वेगळे सांगण्याची गरज उरत नाही.