व्हेंटिलेटर येईल, पण रात्री दोन वाजता त्याच्याजवळ कोण असेल?

रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांत आमच्या गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दरवर्षी एखादं मोठं आवाहन फिरतं. यंदाचं होतं लहान मुलांच्या व्हेंटिलेटरसाठी. तालुक्यातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मुलांचा अतिदक्षता विभाग सुरू करायचा आणि त्यासाठी पैसे आपण उभे करायचे. मी पुण्यात बसून लगेच रक्कम पाठवली. वर एक एक्सेल शीटही करून दिली, कुणी किती दिले, किती बाकी. आम्हा आयटीवाल्यांचा समाजकार्यातला वाटा बहुतेक वेळा एवढाच असतो.

ईदनंतर बैठक झाली. रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ आले होते. सगळ्यांचे आभार मानून त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मशीन येईल हो, पण रात्री दोन वाजता तिच्याजवळ कोण असेल?" बैठकीत नाराजी पसरली. लोक खिशातून पैसे काढून देताहेत आणि डॉक्टरसाहेब खोडा घालताहेत, असं मलाही क्षणभर वाटलं. मग दोन वर्षांपूर्वीची एक रात्र आठवली.

माझा भाचा तेव्हा सात महिन्यांचा होता. सर्दीचं निमित्त झालं, दोन दिवसांत छाती भरली आणि त्याला मुलांच्या अतिदक्षता विभागात हलवावं लागलं. आपा आत, मी बाहेर, मध्ये काच. मी मॉनिटरकडे टक लावून बसलो होतो. रोज डॅशबोर्ड बघणारा माणूस, आकडा लाल झाला की हात आपोआप कीबोर्डकडे जातो. मध्यरात्री ऑक्सिजनचा आकडा ९६ वरून थेट ७१ वर आला आणि मशीन किंचाळायला लागली. माझा श्वास अडकला. सिस्टर आल्या. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलंच नाही. आधी बाळाचे ओठ पाहिले, मग छाती, मग पाय. पायाला लावलेला प्रोब सरकला होता. तो नीट बसवला आणि आकडा परत ९६.

पहाटे मात्र उलटं झालं. स्क्रीनवर ९४ होते, एकही अलार्म वाजत नव्हता. पण त्याच सिस्टर घड्याळ हातात धरून बाळाचे श्वास मोजत उभ्या राहिल्या, दोनदा मोजले आणि डॉक्टरांना उठवलं. म्हणाल्या, "बाळ थकतंय." अर्ध्या तासात त्याला जास्त दाबाचा ऑक्सिजन सुरू झाला. आज तो घरभर धावतो, माझ्या लॅपटॉपवर चढतो. त्या पहाटे मशीन गप्प होती, धोका सिस्टरच्या डोळ्यांनी ओळखला.

अतिदक्षता ही गोष्ट मुळात सुरूच माणसांच्या हातांनी झाली. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला पोलिओची भयंकर साथ आली होती. साथीच्या रोगांच्या रुग्णालयात श्वास बंद पडलेल्या रुग्णांसाठी यंत्रं मोजकीच होती. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकी २७ जण तीन दिवसांत गेले. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने २७ ऑगस्टला एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेत नळी घालून रबरी पिशवी हाताने दाबत तिला श्वास दिला. ती वाचली. पण पिशवी दाबणार कोण, तीही रात्रंदिवस, आठवडेच्या आठवडे? वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी पाळ्या लावल्या. सुमारे दीड हजार विद्यार्थी खाटेशेजारी बसून पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यूंचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आजचा आयसीयू तिथून जन्माला आला.

आता आपल्या शेजारची गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. मोहम्मद जोबायेर चिश्ती हे बांगलादेशचे डॉक्टर. १९९६ साली सिल्हेटच्या रुग्णालयात इंटर्न असताना मुलांच्या वॉर्डातल्या पहिल्याच रात्री त्यांच्यासमोर न्यूमोनियाची तीन मुलं गेली. पुढे प्रशिक्षणासाठी ते ऑस्ट्रेलियात मेलबर्नला गेले. तिथे नवजात बाळांना श्वासासाठी वापरलं जाणारं बुडबुड्यांचं साधन त्यांनी पाहिलं, त्याला बबल सीपॅप म्हणतात. तत्त्व अगदी साधं आहे. न्यूमोनियात फुफ्फुसातले वायुकोश श्वास सोडताना मिटतात आणि ते पुन्हा उघडताना बाळ दमून जातं. बाळ ज्या नळीतून श्वास सोडतं तिचं टोक पाण्यात काही सेंटिमीटर बुडवून ठेवलं, की हवेला तेवढ्या पाण्याचा दाब सोसून बाहेर पडावं लागतं. तो दाब वायुकोश उघडे ठेवतो. व्हेंटिलेटर परवडत नव्हते. ढाक्याला परतल्यावर चिश्तींनी शॅम्पूची टाकून दिलेली बाटली उचलली, तिच्यात पाणी भरलं आणि नळी बुडवली.

बाटलीचा हा जुगाड सगळ्यांना आवडतो, त्याचे व्हिडिओ फिरतात. पण चिश्ती तिथे थांबले नाहीत. हे खरंच चालतं का, हे त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं. ढाक्याच्या आयसीडीडीआरबी रुग्णालयात गंभीर न्यूमोनियाची २२५ मुलं तीन गटांत चिठ्ठी टाकावी तशी वाटली गेली. बुडबुड्यांच्या गटात ७९ पैकी ३ मुलं दगावली, नेहमीच्या ऑक्सिजनच्या गटात ६७ पैकी १०. फरक इतका स्पष्ट होता की देखरेख समितीने चाचणी मुदतीआधीच थांबवली. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये ती छापून आली.

मग ही बाटली प्रत्येक तालुक्यात का नाही लावायची? माझाही पहिला प्रश्न हाच होता. उत्तर आफ्रिकेतल्या मलावीतून आलं. तिथे एका जिल्हा रुग्णालयाच्या साध्या वॉर्डात, जिथे रोज डॉक्टर बघायला नव्हते, बबल सीपॅपचीच चाचणी झाली. २०१९ साली निकाल आला. नेहमीच्या ऑक्सिजनवर ११ टक्के मुलं गेली होती, सीपॅपवर १७ टक्के. त्या मुलांत अनेकांना कुपोषण किंवा एचआयव्हीही होता, हे लक्षात घ्यायला हवं. तरी एकदा वाचून मी पुन्हा वाचलं. तत्त्व तेच, भलं करण्याचा हेतूही तोच. ढाक्यात चोवीस तास प्रशिक्षित माणसं हाताशी होती, मलावीच्या त्या वॉर्डात नव्हती. आणि ही चाचणी कुणी केलीच नसती, तर सगळे समाधानाने बाटल्या वाटत राहिले असते.

म्हणून माझं मत सरळ आहे. आपण मशिनी दान करणं थोडं कमी करावं आणि माणसं घडवायला पैसे द्यावेत. हिशेब करून बघा. व्हेंटिलेटरवरच्या मुलाशेजारी एक सिस्टर सतत हवी. आठवड्याचे तास १६८, एका सिस्टरचे कामाचे तास ४८. म्हणजे साडेतीन, रजा आणि आजारपण धरलं तर चार किंवा पाच. एका खाटेमागे! आमच्या वर्गणीत त्यांच्या पगाराचा रकानाच नव्हता. मशिनीवर मरहूम वालिदांच्या नावाची पाटी लावता येते, सिस्टरवर लावता येत नाही, हेही त्यामागचं एक कारण आहे. कुणाला लागलं तर माफ करा.

दुसरं कारण आपल्या घरात आहे. बारावी सायन्सची हुशार मुलगी नीटला बसते, पुन्हा बसते, तिसऱ्यांदा बसते. क्लासची फी भरताना घर कर्जात जातं. पण चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगचं नाव काढलं की घरात शांतता. "रात्रपाळी असते", "लोक काय म्हणतील". मुलग्यांच्या बाबतीत तर तो विषयच निघत नाही. माझ्या भाच्याचा श्वास मोजणारी ती मुलगीही कुणाच्या तरी घरची होती आणि रात्रपाळीलाच आली होती. आजारी मूल घेऊन आपण मुंबईला धावतो, परळला वाडिया रुग्णालय १९२९ पासून मुलांसाठीच उभं आहे, तेव्हा तिथे पहाटे जागी असणारी माणसं आपल्याला हवी असतात. मग ती आपल्या घरातूनही यायला हवीत की नकोत?

आणि आपण इंजिनिअर मंडळी. गावच्या त्या विभागात किती मुलं आली, आली तेव्हा ऑक्सिजन किती होता, काय दिलं, किती वाचली, हे नोंदवायला वही आहे, पण ती कुणी पुन्हा उघडत नाही. नावं गुप्त ठेवून, डॉक्टरांच्या परवानगीने ही नोंद नीट ठेवणं आपल्याला जमण्यासारखं आहे. ढाक्यातही आधी मुलं मोजली गेली, बाटलीचं कौतुक नंतर झालं.

डॉक्टरांना मी फोन करून माफी मागितली. ते हसले, म्हणाले, "तुमच्या गावातल्या दोन मुली जीएनएम झाल्यात, घरी बसून आहेत. त्यांना सहा महिने मोठ्या बाल रुग्णालयात शिकायला पाठवता येईल का, राहण्याखाण्याची सोय करून?" पुढची बैठक येत्या जुम्म्यानंतर आहे. शीटमध्ये मी नवा रकाना टाकलाय: 'सिस्टर, दरमहा'. त्यात आतापर्यंत चार नावं आहेत, एक आपाचं.