रिकामी पुंगळी

इतिहासाच्या तासाला १८५७ च्या उठावाचा विषय चालला होता. काडतुसाच्या चरबीची हकीकत आम्ही शाळेपासून घोकलेली. त्यामुळे निम्मा वर्ग जांभया देत होता. सरांनी फळ्यावर दोन चित्रे काढली. एक कागदी काडतूस, जे शिपायाला दातांनी तोडावे लागे. आणि दुसरे त्यानंतरच्या काळातले, पितळेचे, बाटलीसारखी मान असलेले. ते दुसरे चित्र पाहताच माझ्या काळजात धस्स झाले. ती वस्तू आमच्या घरी होती. 'होती' असेच म्हणावे लागते, कारण ती मीच माझ्या हाताने मोडीत घातली.

आमचे गाव बोरी अरब, तालुका दारव्हा. आमच्या घरातून कॉलेजात येणारा मी पहिला. प्रवेशाच्या वेळी पैसे कमी पडले, तेव्हा आईने माळ्यावरची पितळेची भांडी खाली काढली. दोन गुंड, एक परात, एक तांब्या. त्याच पोत्यात आजीची सुया ठेवायची पुंगळीही गेली. मोडवाल्याने सगळे एकाच काट्यावर टाकले. आजी एवढेच म्हणाली, "तुह्या पणज्याची निशानी होती ते." मला तेव्हा पावती आणि प्रवेश यांपलीकडे काही सुचत नव्हते.

पणजोबा हाकेवाले होते. साहेब आणि बडे लोक मचाणावर बसत. पणजोबांसारखी माणसे हातात डबे आणि काठ्या घेऊन रान उठवीत. जनावर पिसाळले तर पहिली गाठ हाकेवाल्याशी पडे. शिकार संपली की कातडे एकाकडे जाई, फोटो दुसऱ्याकडे. पणजोबांनी मातीत पडलेली एक रिकामी पुंगळी उचलून घरी आणली.

आता त्या पुंगळीविषयी थोडे. मार्टिनी-हेन्री नावाची रायफल इंग्रजी सैन्याने १८७१ मध्ये स्वीकारली. तिच्या काडतुसात सोरा, गंधक आणि कोळशाची काळी दारू सुमारे साडेपाच ग्रॅम, आणि शिशाची गोळी ३१ ग्रॅमची, म्हणजे अडीच तोळ्यांहून जास्त. खरी करामत पितळेची. बार होताच पितळ फुगते, नळीचे मागचे तोंड घट्ट बंद करते, आणि लगेच किंचित आकसून बाहेर पडायला मोकळे होते. पहिल्या पुंगळ्या पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेल्या होत्या. १८८५ मध्ये सुदानच्या लढाईत त्या फाटून बंदुकीत अडकल्या आणि सैनिकांचे हाल झाले. पुढे अखंड पितळेच्या पुंगळ्या प्रचारात आल्या. बिनधुराची दारू आल्यावर ही रायफल सैन्यातून मागे पडली, तरी शिकारीत ती बरीच वर्षे टिकून होती.

त्या तासानंतर मी तशी दुसरी पुंगळी शोधू लागलो. दारव्ह्याच्या मोडवाल्याने हसून सांगितले, "पितळ कधीच वितळलं, भाऊ." यवतमाळच्या एका कासारानेही मान हलवली. शेवटी ती सापडली आमच्याच गावात, एका म्हाताऱ्या गुराख्याच्या बंडीच्या खिशात. ते तिचे तोंड ओठाला लावून शीळ वाजवीत आणि गुरे वळवीत. मी शाळेच्या पट्टीने मोजली. लांबी जवळजवळ सहा सेंटिमीटर, बुडाचा काठ एकोणीस मिलिमीटर. छापील मापाशी बरोबर जुळली. विकत मागण्याचे धाडस केले, तर आबाजी म्हणाले, "इकाची नाही. मह्या बापानं हाक्यातून आणली."

मला तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. पण एक गोष्ट लख्ख कळली. आबाजींच्या बापाचे आणि माझ्या पणजोबांचे नाव शिकारीच्या कोणत्याही पुस्तकात सापडायचे नाही. ते तिथे होते याचा पुरावा एवढाच: एक पितळेची पुंगळी आणि ती कोठून आली हे सांगणारा एक माणूस. दोन्ही असतील तरच तो इतिहास. नुसती पुंगळी म्हणजे मोड, आणि नुसती आठवण म्हणजे गप्पा.

२००३ च्या सुमारास नेपाळच्या जुन्या शस्त्रागारातील हजारो मार्टिनी बंदुका अमेरिकेतील व्यापाऱ्यांनी विकत घेतल्या. त्या घेणाऱ्या शौकिनांपुढे आज प्रश्न आहे तो पुंगळ्यांचाच. काही जण २४ बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीची पितळी पुंगळी आणून, ठोकून-दाबून तिला ही मान काढतात. त्यांच्या चिकाटीचे मला कौतुक वाटते. परंतु त्यांना पुंगळी हवी ती बार काढण्यासाठी. मला हवी ती माणसांसाठी. त्यांची गरज नवी घडवून भागते. माझी भागत नाही.

कोणी म्हणेल, पोटाला चिमटा असताना निशाण्या जपण्याची चैन कोणाला परवडते? हा प्रश्न खोटा नाही. आईने ती भांडी विकली नसती तर मी या वर्गात बसलो नसतो, आणि पुंगळी म्हणजे काय हेही मला कळले नसते. म्हणून मी आईला दोष देत नाही. दोष आहे तो आम्हा शिकणाऱ्यांचा. सनावळ्या पाठ करताना घरच्या माळ्यावर काय आहे, हे आम्ही कधी विचारलेच नाही. विकण्यापूर्वी आजीजवळ दहा मिनिटे बसून तिचे सांगणे वहीत उतरवून घेतले असते, तर पैसाही मिळाला असता आणि पणजोबाही राहिले असते.

माझी सूचना साधी आहे. आपल्या इतिहास विभागाने एक वही ठेवावी. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील एका जुन्या वस्तूचे माप, चित्र आणि तिची हकीकत, सांगणाऱ्याच्या शब्दांत, तीत लिहावी. वस्तू ज्याची त्याच्या घरी राहू द्यावी. मात्र भरलेले काडतूस सापडले तर हात न लावता पोलिसांना कळवावे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्यात मोडतात. किरकोळ भागांना काही सूट आहे, पण ती कोणाला लागू हे आपण ठरवू नये, विचारून घ्यावे.

त्या वहीचे पहिले पान मी लिहून ठेवले आहे. त्यावर आबाजींच्या पुंगळीचे चित्र आहे, मापासह. दुसऱ्या पानावर आमच्या पुंगळीची हकीकत आहे, आजीने सांगितली तशी. तिथे चित्राची जागा मात्र मोकळी आहे.