परसातील गुलाब आणि फवारणीचा पंप

घराच्या परसात गुलाबाची दोन-चार झाडे असणे ही आनंदाची गोष्ट होय. परंतु पानावर ठिपका दिसताच कपाशीसाठी आणलेल्या औषधाची उरलेली बाटली काढावयाची आणि अंदाजाने पाण्यात कालवून झाडावर फवारावयाची, ही सवय घातक आहे. आमचे स्पष्ट मत असे की, परसातील गुलाब निरोगी राखण्याचे काम कुदळ, कात्री व झारी यांचे आहे. पंपाची पाळी अगदी शेवटी यावयास पाहिजे.

घरचे फूल देवाला वाहिले जाते, केसांत माळले जाते. पाकळ्यांचा गुलकंदही होतो. त्याच अंगणात मुले खेळतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. उघड्या शेतात जे विष एवढे भोवते, ते ओट्यापासून चार हातांवर उडविणे शहाणपणाचे नव्हे. शिवाय कीटकनाशकाने बुरशीचा रोग बरा होत नाही. उलट मावा फस्त करणारे ढालकिडे मात्र मरतात.

रोगाचे मूळ पुष्कळदा लागवडीतच असते. पाणी आयते मिळते म्हणून रोप न्हाणीच्या मोरीशी लावतात. तेथे जमीन सदा ओली राहून मुळांना हवा मिळत नाही आणि झाड पिवळे पडते. गुलाबाला रोज निदान सहा तास ऊन व निचऱ्याची जमीन हवी. सुमारे ६० सेंटिमीटर लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन तो माती व चांगले कुजलेले शेणखत यांनी भरावा. डोळा भरलेली जागा जमिनीच्या थोडी वर राहील अशा बेताने रोप लावावे.

पानांवरील काळ्या ठिपक्यांच्या रोगाचे बीज रुजण्यास पान सुमारे सात तास सतत ओले राहावे लागते. पाऊस आपल्या हाती नाही. पण संध्याकाळी झाडावरून पाणी ओतणे टाळणे खचितच आपल्या हाती आहे. पाणी सकाळी व बुंध्याशीच द्यावे. गळलेली रोगट पाने वेचून जाळावीत. झाडांत अंतर राखल्यास वारा खेळतो व पाने लवकर सुकतात.

छाटणीबाबत मात्र अकारण भीती आढळते. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरात, छाटणी करावी. सुमारे दीड महिन्याने फुले येऊ लागतात. वाळक्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या प्रथम काढाव्या. बाहेरच्या बाजूस तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, धारदार कात्रीने तिरपा काप घ्यावा. कापावर मोरचूद व चुना यांची बोर्डो पेस्ट लावल्यास शेंड्याकडून वाळत येणारा रोग आत शिरत नाही.

“पूर्वी मोठी फुले येत, आता झाड रानटी झाले,” अशी तक्रार नेहमी ऐकू येते. झाड रानटी होत नसते. डोळा भरलेल्या जागेच्या खालून फुटलेला खुंटाचा धुमारा वाढून कलमाला उपाशी मारतो. असा धुमारा पानांच्या संख्येवरून ओळखू नये, तो कोठून फुटला ते माती उकरून पाहावे व मुळापासून ओढून काढावा. वरचेवर कापल्यास तो पुन्हा फुटतो.

किडींचेही तसेच. मावा कोवळ्या शेंड्यावर असतो. तो बोटांनी चिरडता येतो. उन्हाळ्यात पानाखाली लाल कोळी दिसल्यास सकाळी पाण्याचा जोरदार फवारा पानांच्या खालच्या बाजूस मारावा. दुपारपर्यंत पाने सुकतात. एवढ्याने न भागल्यास पाच टक्के निंबोळी अर्क वापरावा. हिवाळ्यात भुरी बळावल्यास पाण्यात मिसळणारे गंधक लेबलावरील प्रमाणातच, ऊन कडक नसताना फवारावे. त्या झाडांची फुले गुलकंदास घेऊ नयेत. ज्या डब्यावर लाल रंगाचे चिन्ह असेल, तो डबा परसाकडे नेऊच नये.

गुलाब हा हौसेचा विषय, त्यात कार्यकर्त्यांनी वेळ का दवडावा, असे कोणी विचारील. गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारे व १९६५ साली भारतीय कृषि अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले डॉ. बी. पी. पाल हे गुलाबाच्या नव्या जातीही निर्माण करीत असत. रोग ओळखल्यावाचून औषध नको, हा धडा कपाशीच्या शेतात देणे महाग पडते. परसातील एका झाडावर तो फुकट देता येतो, आणि घरातील स्त्रिया व मुलेही तो शिकतात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी येत्या ऑक्टोबरात एखाद्या घरी छाटणी करून दाखवावी आणि उरलेल्या औषधांच्या बाटल्या कुलपात गेल्या आहेत की नाही, हेही त्याच वेळी पाहावे.