सात घोडे उतरवा, तीन मुली लावा

दिग्रसला शिकायला आलेल्या कुणाच्याही रूमवर जा. भिंतीवर काय दिसतं? किराणा दुकानाचं कॅलेंडर, घरमालकांनी आधीच लावून ठेवलेला घंटीबाबांचा फोटो, अभ्यासाचं टाइमटेबल, एखादा क्रिकेटपटू. आणि गावी घरी, सोफ्याच्या वर, उधळलेले सात पांढरे घोडे. वास्तूला चांगले असतात म्हणे! यातलं तुम्ही स्वतः निवडलेलं काय, असं विचारलं तर बहुतेकांना डोकं खाजवावं लागेल.

आमची सूचना साधी आहे. यंदा आधुनिक भारतीय चित्रकाराचं एक चित्र, छापील प्रत का होईना, फ्रेम करून भिंतीवर लावा.

‘पण ती कॉपीच ना?’ हो, कॉपीच. आजीच्या देवघरातली लक्ष्मी तरी कुठे ओरिजिनल आहे? राजा रविवर्म्यांनी 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेला. तोवर त्यांची चित्रं राजवाड्यांत आणि बड्या घरांत असायची. दगडावरून छापलेल्या प्रती निघू लागल्या आणि त्यांची लक्ष्मी, सरस्वती साध्या माणसाच्या भिंतीवर आली. म्हणजे शंभरावर वर्षं आपली घरं छापील चित्रांवरच सजत आलीत. फक्त गाडी देवांपाशी थांबली, पुढे सरकलीच नाही.

पुढे काय घडलं ते तर आपल्या अंगणातलं आहे. 1947 मध्ये मुंबईत सहा चित्रकारांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. त्यातले ह. अं. गाडे तळेगाव दशासरचे, विज्ञानाचे पदवीधर. रझा चित्रकला शिकले ते आधी नागपुरात. हुसेन जन्माने पंढरपूरचे. नंतर ग्रुपमध्ये आलेले गायतोंडे जन्मले नागपुरात, 1924 साली. शंकरपट बघायला तळेगावला गेलेले तुमच्यात बरेच असतील. गाडे हे नाव तिथे कधी कानावर पडलं?

हुसेन यांचं ‘ग्राम यात्रा’ मार्च 2025 मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे 118 कोटींना गेलं, तेव्हा ही बातमी ग्रुपवर धडाधड फॉरवर्ड झाली. आकडा सगळ्यांना पाठ. चित्रात काय आहे ते किती जणांनी झूम करून पाहिलं? चित्र म्हणजे श्रीमंतांचा खेळ हे असंच डोक्यात पक्कं होत जातं.

आता कोणतं निवडायचं? इथे जरा सांभाळा. सगळीच चित्रं छपाईत टिकत नाहीत. गायतोंडे रंगाचे थर रोलरने, पॅलेट नाइफने चढवायचे, खरवडायचे. ती खोली कागदावर येत नाही. स्वस्त प्रिंटमध्ये तर पावसाळ्यात भिंतीला ओल आल्यासारखं दिसेल. ते प्रत्यक्षच बघावेत. सपाट रंग आणि ठाम आकार असलेलं चित्र मात्र छपाई निभावून नेतं.

म्हणूनच आमचं मत अमृता शेरगिल यांच्या ‘तीन मुली’ला. 1935 चं चित्र. काढलं तेव्हा ती बावीस वर्षांची, म्हणजे तुमच्याच बरोबरीची. तिघी शेजारी शेजारी बसल्यात, नजर आपल्याकडे नाही. कुणीतरी त्यांच्याबद्दल काहीतरी ठरवतंय आणि त्या वाट बघतायत, असं वाटत राहतं. लास्ट इयरला असताना घरून ‘स्थळ आलंय’ असा फोन ज्या मैत्रिणींना येतो, त्यांना हे चित्र समजावून सांगावं लागणार नाही. ‘आपल्याला त्यातलं काय कळतं’ म्हणणाऱ्यांना एवढंच उत्तर पुरे. या चित्राला 1937 मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं. मूळ चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आहे.

आणखी एक फायदा. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. अमृता 1941 मध्ये गेली, अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी. त्यामुळे तिची चित्रं 2002 पासून खुली आहेत. रझा गेले 2016 मध्ये. त्यांचं चित्र नेटवरून उचलून फ्लेक्सवाल्याकडून छापून घेणं म्हणजे चोरीच. तसं करू नका. फ्लेक्सवर तर काहीच छापू नका, चकाकतं नि बॅनर वाटतं. जाड, मॅट कागद मागा. मोबाइलवरचा छोटा फोटो मोठा केला की चेहरे फाटतात, मोठ्या साइजची इमेज शोधा. दिल्लीच्या संग्रहालयाची चित्रं गूगल आर्ट्स अँड कल्चरवर आहेत, आधी तिथे निवांत बघून घ्या.

फ्रेमसाठी लांब जायला नको. देव, सत्काराची प्रमाणपत्रं आणि हार घातलेले आजोबा जिथे फ्रेम होतात, तेच दुकान. फक्त सोनेरी नक्षीची पट्टी नको म्हणा, साधी लाकडी घ्या. काच आणि चित्र यांच्यामध्ये चारी बाजूंनी जाड पुठ्ठ्याची पांढरी चौकट ठेवायला सांगा, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने कागद काचेला चिकटतो. थेट ऊन पडणारी भिंत टाळा, आधी लाल रंग उडतो.

खिळा ठोकण्याआधी घरमालकांना विचारा. ‘या कोण मुली?’ असं ते विचारतीलच. सांगा त्यांना, वेळ काढून सांगा.