‘मनुष्यप्राणी’ कोणता?

मानव-प्राणी संबंधांचा अभ्यास ही ज्ञानशाखा मराठी विभागांच्या उंबरठ्यावर येऊन उभी आहे. तिच्या येण्याला हरकत नाही. ती ज्या वाटेने आणली जात आहे त्या वाटेला आहे. पीटर सिंगर यांचे १९७५चे ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’, जाक देरिदा यांचे १९९७चे व्याख्यान, डोना हॅरावे यांचे २००३ आणि २००८मधील ग्रंथ असा क्रम लावायचा, त्यातून चार-दोन संज्ञा उचलायच्या आणि त्यांना उदाहरणे पुरवण्यापुरते मराठी साहित्याकडे वळायचे, ही रीत आपल्या समीक्षाव्यवहाराच्या अंगवळणी अस्तित्ववादाच्या दिवसांपासूनच पडलेली आहे. जुन्या वळणाच्या मार्गदर्शकांचा तोडगा याहूनही स्वस्त: ‘अमुक लेखकाच्या साहित्यातील प्राणिप्रतिमा’. बैल किती, कावळे किती, याची शिरगणती झाली की पदवी हाती पडते.

देरिदांचा आक्षेप मार्मिक आहे, यात शंका नाही. न्हाणीघरात आपल्याकडे पाहणाऱ्या मांजरीपुढे नग्न उभ्या असलेल्या या तत्त्वज्ञाला प्रश्न पडतो तो असा, की मुंगीपासून हत्तीपर्यंत सर्वांना एकाच एकवचनी शब्दात कोंबण्याचा अधिकार माणसाला कोणी दिला? आपल्याकडील त्यांच्या अनुयायांना मात्र समीकरणाच्या दुसऱ्या बाजूस असलेले एकवचन दिसत नाही. ‘प्राणी’ अनेक असतील, तर ‘मानव’ एक कसा?

मराठी भाषेला हा पेच ठाऊक आहे. ‘प्राणी’ म्हणजे प्राण असलेला जीव; म्हणून आपण सहजपणे ‘मनुष्यप्राणी’ असे म्हणून जातो. फारसीतून आलेल्या ‘जनावर’मध्येही जान असणे एवढाच मूळ अर्थ आहे. ‘ढोर’ हा शब्द मात्र एकाच वेळी गुराचा, शिवीचा आणि कातडे कमावणाऱ्या एका जातीच्या नावाचा आहे. माणूस आणि जनावर यांच्यातील सीमारेषा या समाजाने कोणाच्या अंगावरून ओढली, हे समजून घ्यायला एवढा एक शब्द पुरे.

महाडच्या चवदार तळ्यावर गुरे पाणी पीत होती. अस्पृश्यांना तेथे मज्जाव होता. २० मार्च १९२७ रोजी आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर गेले, ते आपणही माणसे आहोत हे सिद्ध करण्यासाठी. त्याच परिषदेत मृत जनावरांचे मांस खाणे सोडण्याचे आवाहनही झाले होते. ज्यांना आपले माणूसपण असे झगडून मिळवावे लागले, त्यांच्या नातवंडांना आज वर्गात ‘मानवकेंद्री दृष्टीचा त्याग करा’ असे सांगताना अध्यापकाची जीभ क्षणभर तरी अडखळावयास हवी. ती अडखळत नाही. कारण हा त्याग करण्याइतके मानवकेंद्रित्व कोणाच्या वाट्याला आले होते, हा प्रश्न त्याच्या टिपणवहीतच नसतो.

दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) मेलेले जनावर ओढणे हे महारकीचे काम म्हणून येते. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) आजी शेणातले न पचलेले दाणे धुऊन, दळून त्याची भाकरी करते. प्राण्याशी असलेला संबंध येथे शेणातून, कातड्यातून, पोटातून जातो. नजरेला नजर भिडण्याचा तात्त्विक क्षण त्यात शोधूनही सापडणार नाही. या नव्या शाखेला मराठीत काही करून दाखवायचे असेल, तर तिने प्रारंभ येथून करावा. ही पुस्तके ‘दलित आत्मकथने’ या पत्रिकेत आधीच आहेत, म्हणून येथे नकोत, असा युक्तिवाद होतो. तो कारकुनी आहे.

दुसऱ्या बाजूला देशीवादी मंडळी पैठणचा रेडा घेऊन तयारच असतात: आपल्या परंपरेत हे सारे होतेच! होते खरे, पण रेड्यामुखी वेद वदवण्याची ती कथा शुद्धिपत्राच्या वादातून उद्भवते, आणि तिच्यातला मूळ तंटा वेद कोणी म्हणायचा हाच आहे. रेड्याला त्यात स्वतःचे असे काही म्हणावयाचे नव्हते.

याउलट व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘सत्तांतर’ला १९८३मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण वानरांच्या टोळ्यांचा हा वृत्तान्त माणसाच्या राजकारणाचे रूपक म्हणून वाचण्याचा मोह आपल्या समीक्षेला आवरला नाही. वानराला वानर राहू देण्याइतकाही धीर आपल्याकडे नसावा, ही गोष्ट लेखकाच्या निरीक्षणशक्तीवर अन्याय करणारी आहे.

आणि वर्गात बसलेल्या विद्यार्थ्याचे काय? आदत, दुसा, चौसा असे दातांवरून बैलाचे वय सांगू शकणारा मुलगा शेवटच्या बाकावर असतो. ते ज्ञान परीक्षेत चालत नाही. महाराष्ट्रात १९७६च्या प्राणिसंरक्षण कायद्यातील कत्तलबंदी गायीपुरती होती. १९९५च्या दुरुस्तीला २०१५मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. थकलेला बैल विकता येत नाही, पोसता येत नाही, हा घरातला रोजचा पेच त्या मुलाने ट्यूटोरियलमध्ये लिहिला, तर आपण त्याला ‘विषयांतर’ असा शेरा मारून वहीवर देरिदांच्या मांजरीविषयी चार ओळी उतरवून घ्यायला सांगतो.