करून पाहूया : बाटलीत फसफसणारं आलं



चैत्रात जोतिबाच्या यात्रेला गेलात की गोटी सोडा पिता ना? गोटी आत ढकलली की 'फट्' आवाज, मग फेस. त्या बाटलीतला वायू सिलिंडरमधून जोर देऊन पाण्यात भरलेला असतो. तोच वायू गोटीला आतून वर दाबतो, ती गळ्यातल्या रबरी कड्याला घट्ट बसते आणि झाकण न लावताच बाटली बंद! ही युक्ती हिरम कॉड या इंग्रजाची. त्याने तिचं पेटंट १८७२ साली घेतलं.

पण सिलिंडर नसताना घरच्या घरी बुडबुडे करता येतील का? येतात. आपल्याकडे काम करायला कोट्यवधी मजूर फुकट हजर आहेत. ते आल्याच्या सालीवर बसलेले असतात.

गुऱ्हाळावरून आणलेला उसाचा रस दुपारपर्यंत तसाच राहिला तर त्यावर फेस येतो, वास आंबूस होतो. हे काम यीस्टचं, म्हणजे किण्वाचं. डोळ्यांना न दिसणारी ही बुरशी साखर खाते आणि कार्बन डायऑक्साईड वायू सोडते. इडलीचं पीठ फुगतं त्यातही अशाच सूक्ष्मजीवांची करामत असते. इंग्लंडात आलं, साखर आणि पाणी आंबवून अठराव्या शतकापासून 'जिंजर बिअर' करत. ती घरोघरी ज्या विरजणाने लावत, त्यात नेमकं कोण राहतं हे हॅरी मार्शल वॉर्ड या शास्त्रज्ञाने १८९२ साली शोधून काढलं. एक यीस्ट आणि एक जिवाणू, दोघांचा एकत्र संसार!

आता आपलं विरजण. काचेच्या स्वच्छ बरणीत दोन पेले उकळून गार केलेलं पाणी घ्या. ताजं आलं धुऊन, साल न काढता किसा. साल काढलीत तर मजूरच काढून टाकलेत! दोन चमचे कीस आणि दोन चमचे साखर पाण्यात ढवळा. बरणीला झाकण नको, फडकं बांधा. रोज एकेक चमचा कीस आणि साखर घालून ढवळत राहा. उन्हाळ्यात तीन ते पाच दिवसांत वर बुडबुडे दिसतात, थंडीत जास्त दिवस लागतात. बुरशीचा रंगीत थर आला किंवा घाण वास आला तर सरळ ओतून द्या. हळहळू नका, आलं काही सोनं नाही.

विरजण फसफसू लागलं की मोठ्यांच्या मदतीने लिटरभर पाण्यात दोन बोटं लांब आलं ठेचून उकळा, गाळा, त्यात शंभर ग्रॅम साखर विरघळवा. गूळ घातला तरी चालतो, रंग तपकिरी येतो आणि चव काकवीकडे झुकते. मला गुळाचीच आवडते, पण आपण पडलो कोल्हापूरकर! पाणी पूर्ण गार होऊ द्या. गरम पाण्यात विरजण घातलं तर यीस्ट मरेल आणि तुम्ही नुसते वाट बघत बसाल. एका लिंबाचा रस आणि चहाचा अर्धा कप गाळलेलं विरजण घालून बाटली भरा. वर चार बोटं जागा सोडा.

आता नीट वाचा, आणि आईलाही वाचून दाखवा. बाटली प्लॅस्टिकचीच हवी, कोल्ड्रिंकची रिकामी, साबणाने धुतलेली. काचेची अजिबात नको! यीस्टला 'पुरे' म्हणता येत नाही. साखर आहे तोवर ते वायू सोडतच राहतं. दाब वाढला की काचेची बाटली फुटते आणि तुकडे गोळीसारखे उडतात. काच आधी काही सांगत नाही, प्लॅस्टिक सांगतं. सकाळ-संध्याकाळ बाटली दाबून बघा. मऊ असेल तर थांबा. दगडासारखी लागली की तोंडापासून लांब धरून झाकण किंचित सैल करा, 'फुस्स' होऊ द्या, पुन्हा लावा आणि फ्रिजमध्ये ठेवा. मे महिन्यात हे एका दिवसातही होतं. थंडीत यीस्ट सुस्तावतं, पण झोपत नाही. म्हणून दोन-तीन दिवसांत बाटली संपवायची.

नावात 'बिअर' आहे म्हणून पालकांच्या कपाळावर आठी पडली असेल, तर तिला कारण आहे. यीस्ट साखर खातं तेव्हा वायूबरोबर थोडा मद्यार्कही होतो. पावाच्या पिठातही होतो, तो भट्टीत उडून जातो. आपल्या बाटलीत तो राहतो. दिवसभरात फारच थोडा, पण बाटली आठवडाभर बाहेर राहिली तर बराच. साखर कारखान्यांच्या मळीपासून मद्यार्क बनतो, तोही यीस्टच्याच कृपेने. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की लहान मुलांनी ही बाटली प्रयोग म्हणून पाहावी. ती प्यायची की नाही हे घरातल्या मोठ्यांनी ठरवावं.

मग तुम्ही काय प्यायचं? वरचंच आल्याचं गोड पाणी, दुप्पट आलं आणि चौपट साखर घालून दाट करा. पेल्यात थोडं ओता, लिंबू पिळा, चिमूटभर मीठ टाका आणि वरून दुकानातला साधा सोडा. विरजण नाही, त्यामुळे काळजीही नाही.

प्रयोग करणाऱ्यांनी मात्र विरजण घातलेल्या पाण्याच्या दोन छोट्या बाटल्या भरा. एक लगेच फ्रिजमध्ये, दुसरी ओट्यावर. दर चार तासांनी दोन्ही दाबून बघा आणि कोणती किती कडक लागते ते वहीत वेळेसकट लिहा. रात्री झोपण्यापूर्वी ओट्यावरचीही फ्रिजमध्ये ठेवायला विसरू नका.